डोंग्याआधी बॅटरी बघ

पवनी,
२८ मे

प्रिय दिवाकर,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. डोंग्याच्या दोन फळ्या कुजल्या, गोठ्याचं दार निखळलं, आणि जवळ आठ हजार आहेत. गड्या, एवढ्यात होतं. फक्त सगळंच बॅटरीवरचं घ्यायचा हट्ट सोड.

डोंग्यासाठी मात्र बॅटरीचीच ड्रिल घे, हे मी तुला हात जोडून सांगतो. दोन वर्षांमागे मी नदीकाठच्या मोटारपंपाच्या खोपटातून वायर ओढून करंटची ड्रिल चालवत होतो. वायरचा जोड चिखलात पडला होता, ते दिसलंच नाही. ओल्या डोंग्यात गुडघे टेकलेले, आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. पोराने धावत जाऊन स्विच पाडला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पाण्याजवळ करंटची मशीन मी नेली नाही, तूही नेऊ नकोस.

आता बॅटरीचं. मागच्या उन्हाळ्यात स्वस्त पडली म्हणून एक बिननावाची ड्रिल आणली. डब्यावर ४८ व्होल्ट छापलेलं. सागाच्या फळीत चार भोकं पाडली तर तिला धाप लागली. उघडून पाहिलं, आत पाचच सेल. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, म्हणजे पाचांचे झाले १८. चांगल्या कंपनीच्या मशीनवर १८ लिहिलेलं असो की '२० मॅक्स', व्होल्ट त्याच पाच सेलांचे असतात. पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा मोठा दिसतो, एवढंच. म्हणून डब्यावरच्या आकड्याला भुलू नको. बॅटरी किती अँपिअर-अवरची (म्हणजे तिच्यात किती वीज मावते), सोबत दोन आहेत की एकच, आणि पुढे नुसती बॅटरी सुटी मिळेल का, हे विचार. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही.

फळ्या बसवायला १२ व्होल्टची पुरते. हलकी असते, डोंग्यात वाकून काम करताना मनगट दुखत नाही. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाड, नाहीतर फळी टोकाशी चिरते. आपले बाबा गिरमिटाने हेच करायचे. स्क्रू स्टेनलेसचे घे. आपलं पाणी गोडं, ३०४ नंबरचं स्टेनलेस चालतं. साधे लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजतात आणि भोवतीचं लाकूडही काळं पडून सैल होतं.

ग्राइंडर मात्र वायरचाच घे, चार इंची. हिशेब कर: १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर. सातशे वॅटच्या जोराने चालवली तर तीन मिनिटांत रिकामी. गोठ्याच्या बिजागऱ्या कापायला तेवढ्यात काय होणार? ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे डिस्कवरचं झाकण, काढू नको. आणि डिस्कवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ती डिस्क लावूच नको, फुटते. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं; तेव्हा जोर लावलास तर मोटार तापून जळेल. सकाळीच उरकून घे. भिंतीत दोन-चार भोकं पाडायची असतील तर त्यासाठी मशीन कशाला? माझी हॅमर ड्रिल घेऊन जा.

सध्या नवतपा आहे, कडक उन्हाचे नऊ दिवस. बॅटरी टिनाच्या छपराखाली ठेवू नको. काम करून तापली असेल तर आधी सावलीत निवू दे, मगच चार्जरला लाव. माझी एक बॅटरी अशीच गेली. जूनपासून डोंगा उभाच राहणार, तेव्हा बॅटरी अर्धी भरून घरात थंड जागी ठेव.

येत्या शनिवारी मी नागपूरला जातोय, इतवारीत हार्डवेअरचीही कामं आहेत. तुझ्या फळ्यांची जाडी मोजून फोनवर सांग, म्हणजे स्क्रू त्याच मापाचे आणतो. ड्रिलही दोघं मिळून हातात धरून बघू. तू सकाळच्या बसने भंडाऱ्याला ये, मी तिथेच भेटतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल