गुरुजी, ती मोकळी सोडलेली जागा

शि. सा. न. वि. वि.

गुरुजी, परवा तुमच्या ओसरीवरून उठताना नुसतं ‘येतो’ म्हणालो. घशात काहीतरी अडकलं होतं. म्हणून हे पत्र.

भीमाकाठची आमची मळईची जमीन उजनी धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आमचा बांध काही येत नाही. उरली ती आजीच्या ट्रंकेतली मोडी कागदांची पुरचुंडी. ती घेऊन मी दोन वर्षं दारोदार फिरलो. एका जाणकारांनी आगाऊ पैसे घेतले आणि पाव तासात सांगून टाकलं, ‘इनामाची सनद आहे, तुम्ही इनामदार!’ आम्ही भावकीत पेढे वाटले. दुसऱ्यांनी कागद चार महिने ठेवून घेतले आणि परत दिले ते चहाच्या डागासकट.

तुम्ही आधी हात धुऊन कोरडे केलेत. मग ओळीमागून ओळ बाळबोधीत वहीत उतरवलीत. कसरीनं जिथं जेवढं खाल्लं होतं, तिथं तेवढीच जागा मोकळी. नेमकं आमच्या मूळपुरुषाच्या नावापुढंच भोक! मी म्हटलं, ‘तिथं मिरासदार असेल की, जमिनीचा वंशपरंपरेचा हक्कदार.’ तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. ‘असेलही. मला दिसत नाही.’ आणि पेन पुढं सरकलं.

गुरुजी, त्या दोन बोटं कोऱ्या जागेसाठी तुमचे पाय धरावेसे वाटतात.

पुढच्याच कागदात ‘उपरी’ निघालं, म्हणजे जमिनीवर असा कायमचा हक्क नसलेला कसणारा. माझं तोंड उतरलेलं बघून तुम्ही चहा मागवलात आणि सगळं उलगडून सांगितलंत. इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबानं निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के शेतसारा धरला, तेव्हा रयत घरंदारं टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाली. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नवी आकारणी आली, तीही पहिल्यांदा आपल्या इंदापुरातच. सारा उतरला, ३० वर्षांसाठी बांधला गेला, आणि जो कसतो नि सारा भरतो त्याचं नाव खात्याला लागलं, मग तो उपरी का असेना. ‘तुमचा माणूस टिकून राहिला, बाकीचे गेले,’ एवढंच म्हणालात. सनदेपेक्षा मला ते जड वाटलं.

खोटं सांगणाऱ्यानं पैसे घेतले. खरं सांगणाऱ्यानं पाकीट परत केलं, वर कसर लागू नये म्हणून वेखंडाचा तुकडा दिला. तो पुरचुंडीत ठेवलाय. भावकीला अजून काही सांगितलेलं नाही. पेढे तर सगळ्यांनी खाल्लेत.

आपला,
भीमाकाठचा उपरी