शर्वरीच्या एनडीएबद्दल

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

शर्वरीला लढाऊ वैमानिक व्हायचंय आणि थेट हवाईदल प्रमुखपदापर्यंत जायचंय, हे वाचून मन भरून आलं. 2022 पासून एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींनाही प्रवेश आहे. फक्त क्लासची फी भरण्याआधी तिची मापं घे.

भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून बसव. भिंतीपासून टाचेपर्यंत 99 ते 120 सेंटिमीटर हवेत, गुडघ्यापर्यंत 64 पेक्षा जास्त नकोत. बसलेली उंची 81.5 ते 96, उभी किमान 162.5. पाय आखूड असले तर रडरच्या, म्हणजे विमानाच्या शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलपर्यंत पुरत नाहीत. मांडी लांब असली तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात आसनासकट विमानाबाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात.

लेखी परीक्षा 900 गुणांची, तेवढेच गुण एसएसबीला, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला. क्लासवाले मात्र लेखीचीच तयारी करून घेतात. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाली की वैमानिकाची वाट कायमची बंद. अंगात ताप असताना ती मुळीच देऊ नकोस म्हणावं.

पुढच्या प्रवासासाठी आपल्या नांदेड जिल्ह्यातले माजी हवाईदल प्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी बघ. 29 डिसेंबर 1982 ला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. मिग-21, मिग-23, मिग-29, सुखोई-30 अशी विमानं, 3800 हून जास्त तास उड्डाण. सेवेच्या बेचाळीस वर्षांत वाटले तर वर्षाला नव्वदच तास होतात, कारण वरच्या हुद्द्यांवर बराच काळ टेबलाशी जातो. उडायचं ते तरुणपणीच, हे शर्वरीला आत्ताच कळू दे.

विंग कमांडर या मधल्या हुद्द्यापर्यंतची बढती साधारण सेवेच्या वर्षांवर मिळते. त्याच्या वरच्या ग्रुप कॅप्टनपासून निवड मंडळ बसतं, जागा कमी होत जातात. अगदी वर जन्मतारीखही मोजली जाते. एअर मार्शल, म्हणजे प्रमुखाच्या लगेच खालचा हुद्दा, साठाव्या वर्षी निवृत्त होतो. प्रमुखाला वयाची बासष्ट किंवा पदावरची तीन वर्षं, यातलं आधी येईल ते. चौधरींचा जन्म 4 सप्टेंबर 1962 चा. 30 सप्टेंबर 2021 ला ते प्रमुख झाले, तेव्हा एकोणसाठ पूर्ण होते. हीच जागा वर्षभर उशिरा रिकामी झाली असती, तर ते एअर मार्शल म्हणूनच घरी गेले असते! माणूस तितकाच कर्तबगार असता.

मापं घेतलीस की कळव. वाढीचं वय आहे, सहा महिन्यांनी पुन्हा मोज. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश