फूटपट्टी घेऊन आलेल्या काकांना

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायला लागलं की तुम्ही फोन ठेवता. आतापर्यंत तीनदा ठेवलात. म्हणून हे चारचौघांच्या देखत लिहितेय, इथे तुम्हाला मधेच "बरं बरं, ठेवतो" म्हणता येणार नाही. नाव मात्र लिहीत नाही, ते तुम्हाला खपणार नाही.

माझ्या समुद्री माशांच्या टाकीवरून केलेल्या पहिल्या फोनवर मी काय म्हटलं होतं ते अजून आठवतं. "काका, स्किमर खराब निघालाय, बदलून घेऊ का?" (स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर टाकीतली घाण बाहेर काढणारं यंत्र.) मावसभावाकडून नंबर मिळालेला, तुमची-माझी ओळख शून्य. तुम्ही विचारलंत, "सम्पमध्ये पाणी किती आहे?" मी म्हटलं, "भरपूर आहे." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "उद्या येतो."

आमच्याकडे तोवर या सम्पवरून पुरेशी थट्टा झाली होती. खाऱ्या पाण्याची टाकी वर, तिचं यंत्रघर खाली कपाटात, आणि त्याला म्हणायचं सम्प. "काय, आज पण संप का?" असं घरातलं प्रत्येक जण जाता-येता विचारायचं. आणि खरोखर संपच होता. एके दिवशी स्किमरचा वरचा, घाण जमायचा कप कोरडा ठणठणीत, त्याखालच्या अरुंद मानेपर्यंतसुद्धा फेस नाही. दुसऱ्या दिवशी तोच कप पारदर्शक पाण्याने काठोकाठ भरून वाहतोय आणि कपाटाच्या तळाची फळी फुगलीय. मी स्किमरमधलं पाणी वर-खाली करणारा व्हॉल्व्ह डावीकडे फिरवायची, उजवीकडे फिरवायची, रात्री उठून फिरवायची. तीन आठवडे हेच.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, पिशवीतून पाना-पक्कड निघेल. निघाली एक प्लास्टिकची फूटपट्टी आणि काळा मार्कर. तुम्ही गुडघे टेकून कपाटात डोकं घातलंत, सम्पच्या शेवटच्या कप्प्यात जिथे पाणी होतं तिथे काचेवर रेघ मारलीत आणि उठलात. "उद्या याच वेळेला दुसरी रेघ मार. तोवर पाणी घालायचं नाही, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही." बस्स, एवढंच. खरं सांगते, तुम्ही गेल्यावर मी वैतागले होते. एवढ्या लांबून माणूस आला आणि रेघ मारून गेला!

दुसरी रेघ पहिलीच्या बरोबर 3 सेंटिमीटर खाली आली.

तुम्ही परत आलात, दोन रेघांवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "अगं, यंत्र ठणठणीत आहे. तू त्याला रोज कमी पाण्यात नेतेस आणि सकाळी तांब्याने बुडवतेस. ते बिचारं काय करणार?"

टाकी लावून देणाऱ्याने स्किमर शेवटच्या कप्प्यात ठेवला होता, का तर तिथे जागा होती. पण टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा वरच्या टाकीची पातळी हलत नाही, मधल्या कप्प्यांची हलत नाही. सगळी घट दिसते ती शेवटच्या कप्प्यात, पाणी परत वर ढकलणाऱ्या रिटर्न पंपाच्या शेजारी. बाहेर पाणी खाली गेलं की स्किमरच्या अंगातलंही खाली जातं आणि फेस मानेपर्यंत पोचत नाही. बाहेर वाढलं की आतलं पाणी मानेत शिरतं आणि फेसाऐवजी नुसतं पाणीच कपात पडतं. माहितीपत्रकात लिहिलेलंच होतं, 18 ते 22 सेंटिमीटर खोली ठेवा म्हणून. मी ते वाचलं होतं. ही खोली दिवसभर तेवढीच राहायला हवी, हे कुठे डोक्यात आलं होतं?

मग मधला कप्पा रिकामा केलात. त्यातल्या दगडांच्या तुकड्यांची जाळी तिसऱ्यात गेली. मधल्यात पाणी पुढच्या काचेवरून ओसंडून जातं, त्यामुळे पातळी 26 सेंटिमीटरला बांधलेली. स्किमरला हे जास्त. तुम्ही पीव्हीसी पाइपाचे 6-6 सेंटिमीटरचे चार तुकडे करवतीच्या पात्याने कापलेत, वर ट्यूबलाइटच्या डिफ्यूझरची प्लास्टिकची जाळी बसवलीत, आणि स्किमर त्या चौरंगावर विराजमान झाला. फूटपट्टी लावली, 20. मी हसले, तर तुम्ही गंभीरपणे कापलेल्या पाइपाच्या कडा पॉलिश पेपरने घासत बसलात. त्या कडा कोण बघणार होतं काका? पण घासल्यात.

त्याच दिवशी तुम्ही दोन बाटल्यांचा खेळ करून दाखवलात. एकीत आरओचं पाणी, दुसरीत टाकीतलं. दोन्ही सारख्याच हलवायला लावल्यात. पहिलीतले बुडबुडे मोठे, एकमेकांत मिसळत भसाभस वर जाऊन फुटले. दुसरी क्षणभर दुधाळ झाली, बारीक बुडबुड्यांची धूळ उडाल्यासारखी, आणि सावकाश निवळली. "हे आहे सगळं स्किमरचं गुपित," म्हणालात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे चटकन एकत्र होत नाहीत, बारीक राहतात. बारीक बुडबुडे म्हणजे हवा आणि पाणी भेटण्याची जागा कितीतरी जास्त. माशांचं उरलेलं खाणं, त्यांची विष्ठा, शेवाळातून सुटलेले पदार्थ, यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. पळणाऱ्या टोकाला बुडबुड्याचा पृष्ठभाग म्हणजे हक्काची जागा. ते तिथे चिकटतात, फेसाबरोबर मानेतून वर चढतात आणि कपात पडतात. कुजून त्यांचं अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट होण्याआधीच बाहेर. समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी जमणारा पिवळट फेस हाच, हे तुम्ही सांगेपर्यंत मला तो फक्त घाण वाटायचा.

आणि हो, त्या दिवशी तुम्ही स्किमरची भाटगिरी केली नाहीत, हेही लिहून ठेवते. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "म्हणजे आता पाणी बदलायला नको!" तुम्ही लगेच 2009 साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या केन फेल्डमन यांनी स्किमर मोजून पाहिल्याचं सांगितलंत. वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर तपासले, तर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच बाहेर निघाला, उरलेला पाण्यातच. जे आधीच नायट्रेट होऊन बसलंय त्याला तर फेस हातही लावत नाही. दर आठवड्याची बादली चुकणार नाही, हे कळल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही चहा मागितलात.

आता टेपची गोष्ट. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून स्किमर सुरू केलात. नव्या प्लास्टिकवर कारखान्याचं तेल असतं, आतल्या भिंतींवर जिवाणूंचा पातळ थर बसायचा असतो, तोवर फेसाचा काही भरवसा नाही. आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. हे सगळं समजावून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे एकदा नीट बघितलंत आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर सेलोटेप गुंडाळलीत. त्यावर मार्करने तारीख घातलीत. वर एक छोटी रेघ, अर्धी टेपवर, अर्धी व्हॉल्व्हच्या अंगावर.

तिसऱ्या रात्री मी टेप सोडवून पाव वळण दिलं. परत तशीच गुंडाळली. तुम्ही रविवारी आलात, वाकलात, म्हणालात, "रेघ जुळत नाही गं." एवढंच. शाळेत बाईंनी पकडल्यावर जसं व्हायचं, अगदी तसं झालं मला. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

अकराव्या दिवशी कपात पहिल्यांदा काहीतरी जमलं. हिरवट-तपकिरी, घट्ट, आणि वास असा की घरातल्यांनी खिडक्या उघडल्या. मी कपाचा फोटो काढून तुम्हाला पाठवला. लोक बाळांचे फोटो पाठवतात! तुमचं उत्तर आलं, "उत्तम. आता पाव वळण बंद कर. एकच." फेसाची रेषा मान जिथे सुरू होते तिथे येईपर्यंत, दोन दिवसांत एक पाव वळण, असं करत आपण तिला जागेवर आणली. रंग फिकट कोऱ्या चहासारखा असेल तर ओला फेस, काळपट असेल तर कोरडा. तुम्ही मला दोन्हींच्या मधलं ठेवायला सांगितलंत.

पण माझ्या मते तुमचं खरं कसब दिसलं ते महिन्याभराने, रात्री अकरा वाजता. कप वाहत होता, फेस साबणासारखा, झाकणातून बाहेर. मी घाबरून फोन केला. पातळी तीच, व्हॉल्व्ह तसाच, टेपची रेघ जुळलेली (या वेळी खरंच!). तुम्ही झोपेतल्या आवाजात एकच प्रश्न विचारलात.

"आज काय चिकटवलंस?"

संध्याकाळी मी झोॲन्थिडचा, म्हणजे प्रवाळासारख्या एका समुद्री जीवाचा, एक तुकडा इपॉक्सी पुट्टीने दगडावर बसवला होता. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पुट्टी ताजी असताना पाण्यात असं काही सोडते की स्किमर पिसाळतो. हवा बंद कर, सकाळी चालू कर, फार तर एक-दोन दिवस. तसंच झालं. त्यानंतर मी उलटी गंमतही पाहिली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला की कातडीवरचं तेल पाण्यात जातं आणि काही तास फेसच मरतो. आता असं झालं की मी घाबरत नाही, आधी स्वतःच्या हातांकडे बघते.

बाकीच्या सवयी तुम्ही जाता-जाता लावल्यात. मान दर तीन दिवसांनी पुसायची, कारण मळलेल्या मानेतून फेस चढत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं, तिच्यातून महिन्यातून एकदा कोमट आरओ पाणी ओढू द्यायचं. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राच्या, काट्यांवर चुन्याचा थर बसला की पंप व्हिनेगरच्या पाण्यात. वायरला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचण्याआधी जमिनीवर टपकेल. वाफेने घटलेलं पाणी भरायला आता ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे आपोआप पाणी घालणारी सोय, आहे आणि त्यात बिनमिठाचंच पाणी, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. मी आधी खारं पाणी घालत होते. खारेपणा हजारी 35 वरून 38 वर गेला होता. हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय, रागावू नका.

एक परीक्षा मात्र विसरणार नाही. निघायच्या आधी तुम्ही न सांगता रिटर्न पंपाचं बटण बंद केलंत. वरून पाणी धो धो खाली यायला लागलं आणि मी ओरडले. सम्प भरत गेला, भरत गेला, आणि काठाच्या 4 सेंटिमीटर खाली थांबला. तुम्ही आदल्या दिवशी रिटर्न पाइपाला पाडलेल्या भोकातून हवा शिरली होती आणि ओढ तुटली होती. "वीज गेली तर एवढंच येईल," म्हणालात. मग स्किमरला वेगळं बटण दिलंत, कारण चढलेल्या पाण्यात तो लगेच सुरू झाला तर कप वाहणारच. आधी पंप, दहा मिनिटांनी स्किमर. त्यानंतर दोनदा रात्री वीज गेली. फळी कोरडी.

टाकीत सध्या सगळं बरं आहे. गोबी माशाने दगडाखाली नवं बीळ केलंय, क्लाउनफिशची जोडी माझ्या हाताला चावते. टेप अजून व्हॉल्व्हवर आहे, कडा उचलल्यात, पण तुमची तारीख वाचता येते आणि रेघ जुळते.

तुमची फूटपट्टी इथेच राहिली. सम्पच्या बाजूला उभी असते, 20 च्या आकड्यापाशी मिठाचा पांढरा पट्टा बसलाय, घासूनही जात नाही. ती परत मिळणार नाही. तुमच्यासाठी नवी आणून ठेवलीय, न्यायला या. आणि आलात की कपाटात डोकं घालण्याआधी पाच मिनिटं बसा, मला जे म्हणायचंय ते तोंडावर म्हणू द्या.

तुमची,
रेघ न जुळवणारी पोरगी