डावे किती, उजवे किती?

महोदय,

बेनू लघुग्रहावर जीवनाचे घटक सापडल्याची आपली बातमी वाचली. ओसायरिस-रेक्स यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या १२१.६ ग्रॅम मातीत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाली, डीएनए-आरएनएचे पाचही बेस (म्हणजे त्यांची ‘अक्षरे’) मिळाले, हे सगळे बरोबर. पण त्याच संशोधनातली खरी गंमत बातमीत आलीच नाही, म्हणून हे पत्र.

वर्गात मी अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची चेंडू-काड्यांची दोन मॉडेल्स ठेवत असे. मधोमध कार्बनचा काळा चेंडू, त्याला चार वेगवेगळे गट. दोन्हींत सामान तेच, पण एक म्हणजे दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब; एकाला डावे म्हणायचे, दुसऱ्याला उजवे. कसेही फिरवा, एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मुले हट्टाने फिरवून बघत आणि कंटाळली की गुपचूप एक काडी उपटून दुसरीकडे खोचत!

पृथ्वीवरचे सजीव मात्र प्रथिनांसाठी एकजात डावेच रेणू वापरतात. (ग्लायसिन सोडून, त्याला डावे-उजवे नसतेच.) ऑस्ट्रेलियात १९६९ साली पडलेल्या मर्चिसन उल्केतल्या काही अमिनो आम्लांत डावी बाजू किंचित भारी निघाली, तेव्हा हा कल अंतराळातूनच आला असावा, असे अनेकांना वाटू लागले. बेनूने त्यावर पाणी ओतले. तिथे डावे-उजवे जवळपास निम्मे-निम्मे आहेत. स्टॅन्ली मिलरने १९५३ साली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या पाडून जी अमिनो आम्ले मिळवली, त्यांतही हाच प्रकार. म्हणजे कच्चा माल कुठेही तयार होतो. त्यातली एकच बाजू कशी निवडली गेली, हे कोडे उलट आणखी अवघड झाले.

परग्रहावरच्या जीवाची भक्कम खूण मला इथेच दिसते. के२-१८बी या दूरच्या ग्रहावरच्या ज्या डायमिथाइल सल्फाइड वायूचा जीवाची खूण म्हणून २०२५ मध्ये एवढा गाजावाजा झाला, ते ६७पी या निर्जीव धूमकेतूवरही सापडले आहे. पण एखाद्या नमुन्यात अनेक अमिनो आम्ले एकाच बाजूची निघाली, तर नुसत्या रसायनशास्त्राने त्याचा उलगडा करणे जड जाईल. शनीच्या एन्सेलॅडस चंद्राच्या फवाऱ्यांतून कॅसिनी यान गेले, पण ही पारख करणारे उपकरण त्यावर नव्हते. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन बग्गीवर ते आहे. ती २०२८ मध्ये निघायची आहे आणि मंगळाची जमीन दोन मीटरपर्यंत खोदणार आहे. तिची बातमी छापाल तेव्हा डाव्या-उजव्यांचे प्रमाण तेवढे कृपया गाळू नका.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका