साळावलीत मासळी आहे, पण खोलात

महोदय,

गोव्यातल्या साळावली धरणाच्या तलावात आता मासळी उरली नाही, असे सध्या सांग्याच्या बाजारात जो तो म्हणतो. थंडी पडली की दरवर्षी हीच ओरड. मासळी कुठे गेलेली नसते, ती खाली उतरलेली असते.

पावसाळा सरला की तलावाचे वरचे पाणी उन्हाने तापते, तळाचे गारच राहते. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाला प्राणवायू कमी पडतो. त्यामुळे ऑक्टोबरात मासळी वरच्या पाण्यात असते आणि जाळ्यात चटकन येते. डिसेंबर-जानेवारीत घाटावरून पहाटवारा सुटतो, वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली जाते. मग प्राणवायू खोलवर पोचतो आणि मासळीला सगळा तलाव मोकळा होतो. त्यात गारठ्याने तिची भूकही मंदावते. रोहू तर गळाला लागल्याचे कळूसुद्धा देत नाही. कणकेची गोळी तोंडात धरून तो जरा वर उठतो, ताणलेला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल पडतो, इतकीच खूण. ओढ लागेल म्हणून वाट पाहणारा हात हलवत परत जातो आणि बाजारात सांगतो, तलाव रिकामा झाला!

अशा दिवसांत सकाळी सहाला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. अकरा ते तीन हीच वेळ. ऊन चढल्यावर कटला वर येतो. त्याचे तोंडच वरच्या बाजूला वळलेले, तो पाण्यातले बारीक जीव वरच्या थरात खातो. मृगळ मात्र तळ सोडत नाही.

आता मुद्द्याचे. दुपारी काठाजवळचे उथळ पाणी लवकर तापते आणि पावसाळ्यानंतर सोडलेली बोटाएवढी पिल्ले तिथेच गोळा होतात. मोठी मासळी मिळत नाही म्हणून काही जण काठाजवळच्या या खाचरांत, म्हणजे उथळ खोलगट जागांत, बारीक डोळ्यांची जाळी ओढतात. काही ठिकाणी तर चक्क मच्छरदाणीचे कापड असते. बादलीभर पिल्ले निघतात, त्यांचे वाटे लावून विकतात. त्यात रोहू कुठला आणि मृगळ कुठला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. पुराचे वाहते पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, साचलेल्या तलावात त्यांची पैदास जवळजवळ होतच नाही. म्हणजे जे बीज, म्हणजे पिल्ले, सोडले तेच पुढचे भांडवल. तेच हिवाळ्यात उपसले तर पुढल्या वर्षी जाळ्यात काय यावे?

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि ती सर्वांना ठाऊक असते. तलावासाठी एवढे कडक काही नको. जाळ्याच्या डोळ्याचे किमान माप ठरवून ते काठावर फलकावर लावावे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी उथळ खाचरांत ओढजाळे बंद ठेवावे. गळाने मासे धरणाऱ्यांना कोणी अडवू नये, त्यांच्यामुळे तलावाचे काही बिघडत नाही.

जानेवारीनंतर वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी, कालव्यांतून पाणी सुटते, पातळी उतरते आणि खाचरे आक्रसतात. तेव्हा जाळे ओढणे आणखी सोपे होते. फलक त्याआधी लागायला हवेत.

आपला,
एक वाचक, सांगे