एका फाइलसाठी साऱ्या किल्ल्या कशाला?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली १५ वर्षे संगणक शिकवत असल्याने, एका चुकीच्या सवयीकडे आपल्या वाचकांचे आणि विशेषतः शाळा-महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. विंडोजमधील संरक्षित फाइल नोटपॅडमध्ये उघडते, तिच्यात बदलही करता येतो, पण सेव्ह करताना परवानगी नाकारली जाते. अशा वेळी नोटपॅडच ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून (म्हणजे त्याला संगणकाचे व्यवस्थापकीय अधिकार देऊन) उघडावे, नाहीतर त्या फाइलवर सर्वांना ‘फुल कंट्रोल’ (वाचण्या-बदलण्याची पूर्ण मुभा) देऊन टाकावा, असे सर्रास सांगितले जाते.

यातला दुसरा उपाय तर फारच घातक आहे. ‘होस्ट्स’ फाइलचेच पाहा. एखाद्या संकेतस्थळाचे नाव कोणत्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरील अंकी पत्त्यावर) न्यायचे, हे संगणक बाहेर विचारण्याआधी या फाइलमध्ये पाहतो. ती सर्वांसाठी मोकळी केली, की पेनड्राइव्हमधून शिरलेला कोणताही प्रोग्राम तिच्यात एक ओळ घालून ओळखीचे नाव भलत्याच पत्त्याकडे वळवू शकतो. विंडोज सेव्ह करताना अडवते ते याचसाठी.

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावरही प्रोग्राम साध्या अधिकारांनिशीच सुरू होतात, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याच वेळी जुन्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी एक सोय झाली. त्यांनी ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू पाहिले, तर विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात ठेवते. आमच्याकडे एका सहकाऱ्याने जुन्या एडिटरमधून सेटिंगची फाइल बदलली. त्याला बदल दिसत होता, दुसऱ्या खात्यावर मात्र जुनाच मजकूर होता. दोन दिवस आम्ही दोष नको तिथे शोधत राहिलो.

वास्तविक साधी पद्धत हाताशी आहे. फाइलची प्रत ‘डॉक्युमेंट्स’मध्ये घ्यावी, तिथे निवांत बदल करून सेव्ह करावी (‘होस्ट्स’ला डॉट टीएक्सटी हे शेपूट लागले नाही ना, तेवढे पाहावे) आणि मूळ जागी परत कॉपी करावी. तेव्हा विंडोज फक्त त्या कॉपीपुरती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची संमती मागते. एडिटर साध्या अधिकारांवरच राहतो. लिनक्समधील ‘सुडोएडिट’ हेच काम आपसूक करते: तात्पुरती प्रत, तिचे साध्या वापरकर्त्याच्या नावाने संपादन आणि शेवटी मूळ जागी परत लेखन. सगळा एडिटर रूटच्या (लिनक्समधील सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकारात चालवला, तर त्याची प्रत्येक प्लगइनही (जोड-प्रोग्रामही) त्याच अधिकाराने चालते, हा धोका त्यात उरत नाही. ज्याच्याकडे संमती देण्याचा अधिकारच नाही, त्याने आपली बदललेली प्रत प्रयोगशाळेच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. तिने ती वाचून मगच जागेवर ठेवावी.

म्हणून संगणक शिकवणाऱ्या सर्व संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून साध्या खात्यावर काम करू द्यावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवू नये आणि वर सांगितलेली प्रत घेऊन परत ठेवण्याची पद्धत प्रात्यक्षिकात एकदा तरी करून घ्यावी. तिला दहा मिनिटेही लागत नाहीत.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका, सातारा