हाउलंडांच्या लेकी शोधून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे, पण आभार मात्र चारचौघांत मानणार.

माझ्या अमेरिकन सासूबाईंचं माहेर इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या जॉन हाउलंडपर्यंत पोचतं, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. १६२० साली भर वादळात समुद्रात फेकला गेलेला आणि लोंबता दोर हाती लागल्यामुळे वाचलेला तोच हाउलंड. पुरावा काय, तर आजोबांच्या हातचा एक तक्ता. तुम्ही तो उलगडलात आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलंत. तिथे हाउलंडची बायको त्या वसाहतीच्या पहिल्या गव्हर्नरची, कार्व्हरची, नात म्हणून लिहिली होती. “ही जुनी समजूत आहे,” तुम्ही म्हणालात. कार्व्हरनंतरच्या गव्हर्नर ब्रॅडफर्डनं लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, पुढच्या वर्षी छापून आलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की ती एलिझाबेथ टिली होती. आईबाप पहिल्याच हिवाळ्यात गेलेली पोर. सासूबाई हिरमुसल्या. तर तुम्ही म्हणता, गव्हर्नर गेला तर जाऊ दे, मेफ्लॉवरवरचे आणखी दोन पूर्वज पदरात पडले की!

आमची ओळ हाउलंडच्या होप या मुलीकडून येते. एलिझाबेथचं १६८६ चं मृत्युपत्र मी तीनतीनदा वाचलं. थोरल्या जॉनला पाच पौंड आणि टिंडलचे ग्रंथ, लिडियाला गादी, हिरवं पांघरूण आणि पितळी पातेलं. चादरी-अभ्रेसुद्धा मोजून वाटलेत, पण होपचं नाव कुठेच नाही. तुम्ही शांतपणे विचारलंत, “ती तेव्हा हयात होती का?” नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या बार्नस्टेबल गावी तिच्या थडग्यावर जानेवारी १६८३ आहे. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे आपल्या हिशेबानं ते १६८४. मग तुम्ही बापाचं १६७२ चं मृत्युपत्र काढायला लावलंत. त्यात ‘माझी मुलगी होप चिपमन’, वीस शिलिंग. इतर बहिणींनाही तेवढेच. वीस शिलिंगांवर एवढा आनंद आमच्या घरात कोणाला झाला नसेल.

ते अक्षर तर काय सांगावं! कुठला ‘ई’ आणि कुठला ‘ओ’, मला शेवटपर्यंत कळेना. तुम्ही पुण्यात मोडी शिकलात ती अशी अटलांटिकपलीकडे कामी आली. अडलेला शब्द सोडून त्याच लेखनिकाचं तेच अक्षर दुसरीकडे शोधायचं, ही तुमची युक्ती मी आता सगळ्यांना माझीच म्हणून सांगते.

पुढच्या पिढ्यांत अडचण निराळी. बापही जॉन, मुलगाही जॉन, पुतण्याही जॉन. आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतो, इथे कागदच बोलायला हवा. बार्नस्टेबलच्या कोर्टाला १८२७ मध्ये आग लागली आणि जमिनीच्या दस्तांचे बहुतेक खंड जळाले. मी हात टेकले होते. “मृत्युपत्रं आगीतून वाचली ना? मग बायकांच्या मागे लाग,” हे तुमचं वाक्य. जॉन ढीगभर असले तरी प्रत्येकाची बायको वेगळी, आणि सासऱ्याच्या मृत्युपत्रात लेकीचं नाव सासरच्या आडनावासकट येतं. अशाच दोन सासऱ्यांनी आमचे दोन जॉन वेगळे करून दिले. इंटरनेटवर आयत्या वंशावळी पैशाला पासरी आहेत. त्यातली एकही तुम्ही कागदाशिवाय मला उतरवू दिली नाहीत, आणि तेव्हा मी मनातल्या मनात वैतागत होते हेही तुम्हाला ठाऊक असणार.

अठराव्या शतकातली एक मर्सी अजून अडून बसली आहे. तिचं माहेर सापडत नाही. सासूबाईंचा एका आडनावावर फार जीव आहे, पण “काकूंना विचारल्याशिवाय लिहायचं नाही” असं त्या स्वतःच म्हणतात. थंडी ओसरली की बार्नस्टेबलला जाऊ. गाडी मी चालवते, थालीपिठं तुम्ही आणा.

तुमची,
हाउलंडांची मराठी सून